पापणीवरील पिवळी चकती

लग्न महिन्यावर आलें कीं घरांतील प्रौढ मंडळींनाहि आरशाची आठवण होते. दादरच्या अशाच एका घरांतील बाईंचें उदाहरण घ्यावें. वय बेचाळीस, प्रकृति उत्तम, नोकरी बँकेंतील, आहार पूर्ण शाकाहारी. पुतणीचें लग्न ठरलें, घरांत माणसांची ये-जा सुरू झाली, आणि साड्या पाहतां पाहतां नणंद म्हणाली, "वहिनी, डोळ्याला हें पिवळें काय झालें आहे? रांजणवाडी तर नव्हे?"

रांजणवाडी नव्हती. रांजणवाडी दुखते, लाल होते आणि कांहीं दिवसांत फुटून किंवा जिरून जाते. हें दुखत नव्हतें, खाजत नव्हतें, आणि निदान दोन वर्षें तरी तेथें होतें. दोन्ही वरच्या पापण्यांवर, नाकाकडील कोपऱ्याशीं, हळदीचें बोट पुसावें तशी एकेक चपटी, मऊ, पिवळसर चकती. चष्म्याच्या कडेआड ती इतके दिवस झांकून राहिली होती.

अशा घरांत सल्ल्यांस तोटा नसतो. एकीनें चामखिळीवर लावतात तसा चुना आणि सोडा लावावयास सांगितलें. दुसरीनें लसणाची पाकळी ठेचून. तिसरीच्या ओळखीच्या ब्यूटी पार्लरमध्यें असा डाग एका बैठकींत जाळून मिळत होता. बाईंना तिसरा मार्ग पसंत पडला. लग्नाला अवघे पंचवीस दिवस उरले होते. त्यांच्या यजमानांनीं मात्र आग्रह धरला कीं, डोळ्याच्या इतक्या जवळ हात घालावयाचा तर तो डॉक्टरचा असावा. त्या थोड्या चिडूनच त्वचारोगतज्ज्ञाकडे गेल्या. डॉक्टरांनीं भिंगांतून दोन्ही पापण्या पाहिल्या, बुबुळाची कड पाहिली, चपला काढावयास सांगून टाचेमागील जाड शीर चाचपली, आणि विचारलें, "बाई, आपले वडील आहेत का?"

"नाहींत. मी बारावींत होतें तेव्हां गेले."

"कशानें?"

"हार्टॲटॅक. एकूणपन्नास वय होतें. पण त्याचा येथें काय संबंध?"

हा संबंध काय, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

या चकतीस वैद्यकांत झॅन्थेलाझ्मा असें नांव आहे. ग्रीक भाषेंत झॅन्थॉस म्हणजे पिवळा, आणि एलाझ्मा म्हणजे ठोकून पातळ केलेला धातूचा पत्रा. ही उपमा ज्याला सुचली त्यानें ती चकती नीट पाहिली होती यांत शंका नाहीं. लंडनच्या गायज् हॉस्पिटलांतील थॉमस ॲडिसन व विल्यम गल यांनीं १८५१ सालीं अशा पिवळ्या चकत्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांनीं दिलेलें नांव निराळें होतें. आजचें नांव रूढ झालें तें इरॅस्मस विल्सन या इंग्रज त्वचावैद्यामुळें. चकती अर्थातच नांवाहून जुनी असली पाहिजे. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयांत लिओनार्दो द व्हिंचीची मोनालिसा आहे. तिच्या डाव्या वरच्या पापणीच्या आंतील टोकाशीं एक पिवळसर ठिपका दिसतो, आणि तो झॅन्थेलाझ्मा असावा, असा लेख बेल्जियममधील एका वैद्यानें सहकाऱ्यांसह २००४ सालीं प्रसिद्ध केला. पांचशे वर्षांच्या जुन्या रंगावरून आणि रोगणावरून रोगनिदान करणें धाडसाचेंच म्हणावें लागेल. तथापि जगांतील सर्वांत अधिक पाहिल्या गेलेल्या चेहऱ्यावरील तो ठिपका इतकीं शतकें कोणाच्या डोळ्यांत भरला नाहीं, ही गोष्ट खरी असल्यास मोठी बोलकी आहे. माणसें चेहरा पाहतात. पापणी पाहत नाहींत.

आतां या पिवळ्या रंगांत असतें काय? कोलेस्टेरॉल हा शब्द सुशिक्षित घरांत आज मिठासाखरेइतका रुळला आहे. पण त्याचा जन्म पित्ताच्या खड्यांतून झाला, हें फारसें कोणास ठाऊक नसतें. पित्तखड्यांतून निघणाऱ्या मेणासारख्या द्रव्यास मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८१५ च्या सुमारास नांव दिलें तें 'पित्त' आणि 'घन' या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून. हें द्रव्य विष नव्हे. शरीरांतील प्रत्येक पेशीच्या आवरणांत तें असतें. त्यापासून पित्ताम्लें होतात, कित्येक अंतःस्राव होतात, त्वचेंत ड जीवनसत्त्व होतें. तें पाण्यांत विरघळत नसल्यामुळें रक्तांतून जातांना त्यास प्रथिनांच्या वेष्टनांत बसून प्रवास करावा लागतो. अशा वेष्टनांपैकीं एकास डॉक्टर एल. डी. एल. म्हणतात. यकृतांतून निघालेला माल दारोदार पोंचविणारी ही गाडीच होय. गाड्या फार झाल्या किंवा माल उतरवून घेणारीं दारें कमी पडलीं, म्हणजे माल रस्त्यांतच सांडूं लागतो.

हृदयाकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्यांच्या भिंतींत तो सांडला कीं शरीरांतील भक्षक पेशी तो उचलण्यास धांवतात. त्या कोलेस्टेरॉल गिळतात, गिळतच राहतात, आणि अखेर इतक्या फुगतात कीं सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांचा अंतर्भाग साबणाच्या फेसासारखा दिसतो. म्हणून त्यांस फेसाळ पेशी म्हणतात. पापणीवरील चकतीचा अगदीं पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला तर काय दिसतें? त्याच फेसाळ पेशी, बारीक रक्तवाहिन्यांभोंवतीं घोळके करून बसलेल्या. छातींत जें वीस-तीस वर्षें कोणाच्याहि नकळत घडतें, त्याचा लहानसा नमुना येथें उघड्यावर मांडलेला असतो. पापणीच कां, याचें एक अनुमान असें कीं, शरीरांतील सर्वांत पातळ कातडी येथील. ती दिवसांतून हजारों वेळां उघडते-मिटते, आणि या हालचालीनें सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून स्निग्ध द्रव्य झिरपण्यास वाव मिळतो.

येथें घाईनें निष्कर्ष काढण्याचा मोह आवरला पाहिजे. चकती आहे म्हणून रक्तांतील कोलेस्टेरॉल वाढलेलेंच असतें असें नाहीं. ज्यांच्या पापण्यांवर हे डाग असतात त्यांपैकीं साधारण निम्म्यांच्या रक्ताचे आंकडे ठीक असतात. हें कळल्यावर कित्येक जण, आणि क्वचित् त्यांचे डॉक्टरहि, निश्चिंत होत. 'रक्त चांगलें आहे, डाग केवळ दिसण्यापुरता आहे,' असें म्हणून विषय मिटत असे.

तो मिटवूं नये असें दाखविलें तें डेन्मार्कमधील एका दीर्घ अभ्यासानें. कोपनहेगन शहरांतील २० ते ९३ वर्षें वयाच्या १२,७४५ स्त्रीपुरुषांना १९७६ ते १९७८ या काळांत तपासण्यांत आलें होतें. त्यांत ५६३ जणांच्या, म्हणजे शेंकडा ४.४ लोकांच्या, पापण्यांवर या चकत्या होत्या. आरंभीं त्यांपैकीं कोणासहि हृदयरोग नव्हता. पुढें २००९ पर्यंत त्या सर्वांचा मागोवा ठेवला गेला, आणि २०११ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें जें प्रसिद्ध झालें तें विचार करावयास लावणारें होतें. चकत्या असलेल्यांस हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका, इतर सर्व कारणांचा हिशेब वजा घातल्यावरहि, सुमारे ४८ टक्क्यांनीं अधिक भरला. त्या इतर कारणांत रक्तांतील कोलेस्टेरॉलसुद्धां धरलेलें होतें. म्हणजे रक्ताचा आंकडा जें सांगत नाहीं तें कांहीं अंशीं ही चकती सांगते. कदाचित् एखाद्याच्या ऊतींत कोलेस्टेरॉल सांचण्याचीच प्रवृत्ति अधिक असावी. त्याच अभ्यासांत बुबुळाच्या कडेस दिसणारें पांढुरकें कडेंहि तपासलें होतें. तें कडें मात्र वयोमानाचें लक्षण ठरलें. हृदयरोगाशीं त्याचा स्वतंत्र संबंध आढळला नाहीं. अर्थात् तिशी-चाळिशींतच तें दिसूं लागलें तर रक्त तपासावें, हा जुना नियम कायम आहे.

दीडपट धोका म्हणजे झटका येणारच असा अर्थ कोणी घेऊं नये. चकती ही दारावरील थाप आहे; दार उघडून पाहिलें पाहिजे, एवढाच तिचा अर्थ.

ज्यांच्या रक्तांत कोलेस्टेरॉल खरोखरच वाढलेलें असतें त्यांची कारणें निरनिराळीं असतात. कंठग्रंथि, म्हणजे थायरॉइड, मंद झाली तर तें वाढतें. मधुमेह, मूत्रपिंडाचे कांहीं विकार आणि यकृतांतील पित्तनलिकांचे दीर्घकालीन विकार यांतहि वाढतें. मध्यम वयाच्या स्त्रीच्या पापण्यांवर चकत्या आहेत आणि सर्वांगाला कारणावांचून खाज सुटते, असें असेल तर यकृताची तपासणी टाळूं नये. परंतु सर्वांत अधिक लक्ष द्यावयाचें तें रक्तांतून नव्हे, वंशांतून आलेल्या कारणाकडे.

नॉर्वेमधील कार्ल म्यूलर या वैद्यानें १९३८ सालीं कांहीं कुटुंबांची हकीकत प्रसिद्ध केली. त्या घरांत त्वचेवर आणि कंडरांवर पिवळ्या गांठी, रक्तांत कोलेस्टेरॉलचा अतिरेक आणि तरुण वयांत हृदयशूल, हे तिन्ही विकार हातांत हात घालून पिढ्यान् पिढ्या चालत आलेले होते. याचें मूळ सांपडावयास आणखी साडेतीन दशकें जावीं लागलीं. अमेरिकेंतील डॅलस येथील मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनीं दाखवून दिलें कीं, रक्तांतून एल. डी. एल. उचलून घेणारीं पेशींवरील ग्राहकद्वारें अशा माणसांत जन्मतःच अपुरीं असतात. मघांच्या दृष्टान्तांत सांगावयाचें तर, गाड्या नेहमींच्याच, पण माल उतरवून घेणारीं निम्मीं दारें बंद. या शोधाबद्दल दोघांस १९८५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. हा आनुवंशिक दोष विरळा नाहीं. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकास तो असतो, आणि आईवडिलांपैकीं एकास असला तर प्रत्येक अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा. डॉक्टरांनीं टाचेमागील शीर चाचपली ती याचसाठीं. तेथील जाडी या दोषाची पापणीहून अधिक खात्रीची खूण होय. मात्र ती नसली म्हणून दोष नाहीं असें ठरत नाहीं.

बाईंनीं रक्त दिलें. अहवालांत एल. डी. एल. २२८ आलें. १०० मिलिलिटर रक्तांत हें प्रमाण १०० मिलिग्रॅमच्या आंत असणें चांगलें, आणि प्रौढ माणसांत १९० च्या वर गेलें तर वंशाची चौकशी अवश्य करावी, असें समजतात. थायरॉइड, साखर, यकृत, मूत्रपिंड, सर्व ठीक. "पण मी अंड्यालासुद्धां शिवत नाहीं," असें त्या म्हणाल्या, आणि हें वाक्य डॉक्टरांस रोज ऐकावें लागत असलें पाहिजे. शाकाहारी घरांचा हा समज फार चिवट आहे. धान्यांत, भाज्यांत, शेंगदाण्याच्या तेलांत कोलेस्टेरॉल नसतें, हें खरें; परंतु शरीरांतील बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच घडवितें. त्या कामास उत्तेजन मिळतें तें तुपासारख्या संपृक्त मेदानें, आणि त्याहून वाईट म्हणजे वनस्पति तुपांतील रूपांतरित मेदानें. या मेदाचें प्रमाण दोन टक्क्यांवर नसावें असा नियम आपल्या देशांत २०२२ पासून आहे. आहार, चालणें, तंबाखू-सिगारेटपासून दूर राहणें, यांचें महत्त्व कोणासहि आहेच. मात्र ज्याचीं निम्मीं दारें जन्मतः बंद त्यास केवळ तूप सोडून भागत नाहीं. त्यास औषध लागतें.

तें औषध बुरशीपासून सांपडलें, हीहि एक मौज आहे. जपानमधील अकिरा एंडो यांनीं सहा हजारांवर सूक्ष्म वनस्पतींचे अर्क तपासून, यकृतांतील कोलेस्टेरॉलच्या घडणीस आळा घालणारें पहिलें द्रव्य एका निळसर-हिरव्या बुरशींतून काढलें आणि १९७६ सालीं तें जाहीर केलें. त्याच जातीचें पहिलें औषध १९८७ पासून अमेरिकेंत मिळूं लागलें. स्टॅटिन या नांवानें तीं औषधें आज लक्षावधि लोक घेतात. तीं डॉक्टरच्या सल्ल्यानेंच घ्यावीं, आणि शेजारणीस लागू पडलीं म्हणून आपणहून सुरू करूं नयेत, हें सांगणें नको.

आतां लग्नाचा आणि आरशाचा प्रश्न राहिला. येथें दोन हिशेब वेगळे ठेवावे लागतात. चकती काढल्यानें रक्तांतील कोलेस्टेरॉल रतिभरहि कमी होत नाहीं. आणि रक्त सुधारल्यानें चकती जाईलच असेंहि नाहीं. क्वचित् ती लहान होते, बहुधा जशीच्या तशी राहते. ती स्वतः निरुपद्रवी आहे. दृष्टीस तिच्यापासून धोका नसतो, ती कर्करोगांत बदलत नाहीं. पापणीवरील गांठ कठीण असेल, तिच्यावर व्रण पडत असेल, तेथील केस गळत असतील, तर ती झॅन्थेलाझ्मा नव्हे असें समजून ताबडतोब नेत्रवैद्यास दाखवावी.

दिसण्यासाठीं चकती काढून घेण्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. कांहीं डॉक्टर ट्रायक्लोरोॲसेटिक नांवाचें आम्ल अत्यंत बारीक काडीनें लावतात; कोणी लेसरचा किरण किंवा रेडिओलहरींची सुई वापरतात; कोणी अतिशीत द्रव नायट्रोजननें गोठवितात. मोठी, जुनी, खोल गेलेली चकती शस्त्रानें कापून काढतात आणि केसाएवढ्या टाक्यांनीं शिवतात. प्रत्येक रीतीची स्वतःची जोखीम आहे. कातडी वाजवीपेक्षां अधिक कापली गेली तर पापणी ओढली जाते आणि डोळा नीट मिटत नाहीं. आम्लाचा थेंब घरंगळला तर बुबुळ भाजतें. शिवाय आपल्या सांवळ्या व गव्हाळ वर्णाच्या त्वचेंत जेथें जेथें जळतें तेथें तेथें मागाहून काळा किंवा पांढरा डाग उरण्याचा संभव गोऱ्या लोकांपेक्षां अधिक असतो. पिवळा डाग देऊन काळा घेणें हा व्यवहार फायद्याचा नव्हे. चुना, सोडा आणि लसूण यांच्याविषयीं इतकेंच पुरे कीं, हे पदार्थ चकती ओळखत नाहींत; ते फक्त कातडी भाजतात, आणि खालीं डोळा आहे.

इतकें करूनहि चकती परत येऊं शकते. १९७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणींत, शस्त्रक्रिया केलेल्यांपैकीं शेंकडा ४० जणांस ती पुन्हां उगवली. दुसऱ्यांदा कापलेल्यांत शेंकडा ६०. आणि चारहि पापण्यांवर असलेल्यांत शेंकडा ८०. म्हणून समंजस डॉक्टर आधीं रक्त ठिकाणावर आणतो, आणि मग पापणीस हात लावतो.

बाईंच्या डॉक्टरांनीं तेंच सांगितलें: पंचवीस दिवसांत जखम भरेल, पण लाली जाणार नाहीं, लग्न होऊं द्या. त्या नाराज झाल्या. लग्नाच्या फोटोंत दोन्ही चकत्या आहेत. अर्थात् माहीत असणारासच त्या दिसतात.

गोळ्या सुरू झाल्या. त्याबरोबर डॉक्टरांनीं एक यादी मागितली, ती त्यांस अधिक कठीण गेली: सख्खीं भावंडें आणि मुलें. धाकटा भाऊ नाशिकला, वय अडतीस, रोज सकाळीं टेकडी चढणारा, पापण्या स्वच्छ. "ताई, मला काय झालें आहे? उगाच भीति कशाला घालतेस?" म्हणून त्यानें दोन महिने टाळाटाळ केली. शेवटीं त्यांनीं वडिलांचें वय त्याला पुन्हां एकदां सांगितलें. त्यानें रक्त दिलें, आणि त्याचा आंकडा बहिणीहून वर निघाला. मुलांपैकीं थोरल्याचें रक्त निर्दोष आहे; चौदा वर्षांच्या मुलीचें नाहीं. तिची काळजी आतां बालरोगतज्ज्ञ घेत आहेत, आणि या वयांत कळणें हें चाळीसाव्या वर्षीं कळण्याहून किती बरें, हें तिच्या आजोबांच्या हकीकतीवरून त्या घरास वेगळें समजाविण्याची गरज पडली नाहीं.

चकत्या पुढल्या वर्षीं काढल्या. कांहीं महिने तेथें फिकट खूण होती, ती हळूहळू त्वचेंत मिसळली. दुसऱ्या वर्षीं डाव्या पापणीवर तांदळाएवढी पिवळी रेघ परत दिसूं लागली. ती काढावयाचें बाईंनीं अद्याप ठरविलेलें नाहीं. रक्ताची तपासणी मात्र ठरल्या वेळीं होते, आणि त्या दिवशीं नाशिकहून भाऊहि येतो.